एकमेकांवर माउंट केलेले सर्व्हर आणि डेडलॉकचा धोका: नव्या सिस्टम ॲडमिनसाठी मार्गदर्शन

ठाण्यातील वागळे इस्टेटच्या गाळ्यांत किंवा नवी मुंबईत महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातील लहान कार्यालयांत नेटवर्क सांभाळण्याचे काम बहुधा अशा व्यक्तीकडे येते, जिची मूळ नेमणूक वेगळ्याच कामासाठी झालेली असते. पहिल्या सर्व्हरची डिस्क भरते, म्हणून दुसरा सर्व्हर आणला जातो. आणि दोन्हींवरच्या फाईली सर्वांना हाताशी असाव्यात म्हणून पहिल्याचे फोल्डर दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे पहिल्यावर माउंट केले जाते, म्हणजे स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखे जोडले जाते. ही रचना महिनोन्महिने बिनतक्रार चालते, आणि तिच्यातील धोका नवख्याच्या लक्षात येत नाही याचे कारणही तेच आहे. दोन्ही यंत्रे चालू आहेत तोवर कोणी कोणावर अवलंबून आहे हे दिसतच नाही. एक बंद पडले की दुसरे अडखळते, आणि दोन्ही एकदम बंद पडली की सुरू होताना एकमेकांची वाट पाहत राहण्याची वेळ येऊ शकते. या कोंडीलाच डेडलॉक म्हणतात.

पुढील विवेचन लिनक्स यंत्रे आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाईली वाटून घेण्याची पद्धत) यांना धरून केले आहे. विंडोजच्या एसएमबी या तशाच पद्धतीत तपशील बदलतात, परंतु अवलंबित्वाचा हिशेब तोच राहतो. उदाहरणासाठी छपाईपूर्व कामे करणारे एक कार्यालय डोळ्यांसमोर ठेवू. तेथील दोन सर्व्हरना ठाण्यातील तलावांची नावे दिलेली आहेत: ‘मासुंदा’ या सर्व्हरवर ग्राहकांच्या कामाच्या फाईली आहेत, तर ‘उपवन’ या सर्व्हरवर फाँट, चित्रसंग्रह आणि छपाईसाठी तयार झालेल्या फाईली आहेत. मासुंदावर उपवनचे फाँट माउंट केलेले आहेत आणि उपवनवर मासुंदाच्या कामाच्या फाईली.

आधी काही मूळ गोष्टी

एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 साली आणली. तिची तिसरी आवृत्ती 1995 साली प्रसिद्ध झाली. चौथी त्यानंतर आली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते. ज्या यंत्राची डिस्क आहे, ते आपले फोल्डर एक्स्पोर्ट करते, म्हणजे नेटवर्कवरून इतरांसाठी खुले करते. ज्याला ते हवे आहे, ते यंत्र त्या फोल्डरला आपल्या फाईलव्यवस्थेत एका रिकाम्या डिरेक्टरीवर माउंट करते. त्यानंतर वापरणाऱ्या प्रोग्रामला ती फाईल स्थानिकच वाटते, आणि ही सोयच पुढे अडचणीचे मूळ ठरते. स्थानिक डिस्क बहुधा लगेच उत्तर देते किंवा लगेच चूक कळवते. नेटवर्कपलीकडचे यंत्र मात्र काहीच न बोलता गप्प राहू शकते, आणि फाईल उघडणाऱ्या साध्या प्रोग्रामपाशी त्या गप्प राहण्यावर काही तोड नसते.

अशा वेळी काय करायचे, हे माउंट करताना दिलेल्या पर्यायावरून ठरते. ‘हार्ड’ हा पर्याय असेल, आणि काहीच न लिहिल्यास तोच गृहीत धरला जातो, तर क्लायंट, म्हणजे माउंट करणारे यंत्र, सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहतो, त्याला अंत नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत तेव्हा ‘एनएफएस: सर्व्हर मासुंदा नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’ अशी ओळ दिसते आणि सर्व्हर परत आल्यावर ‘सर्व्हर मासुंदा ओके’ अशी ओळ येते. ‘सॉफ्ट’ हा पर्याय असेल, तर ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट हार मानतो आणि प्रोग्रामला त्रुटी कळवतो.

नवखी व्यक्ती येथे सहज म्हणेल की, मग सगळीकडे सॉफ्ट लावून मोकळे व्हावे. माझा याला स्पष्ट विरोध आहे. लिहिणे अर्ध्यावर असताना त्रुटी आली आणि प्रोग्रामने तिची नीट दखल घेतली नाही, तर फाईल अपुरी किंवा बिघडलेली राहते आणि ती बिघडली आहे हे कोणालाही कळत नाही. अडकलेला प्रोग्राम निदान दिसतो. बिघडलेली फाईल ग्राहकाकडे जाऊन छापून आल्यावर दिसते. म्हणून जेथे लिहिले जाते तेथे हार्ड आणि केवळ वाचण्यासाठी असलेल्या माउंटवर, तेही विचारपूर्वक, सॉफ्ट, हा नियम पाळावा. डेडलॉक टाळण्याचा खरा उपाय रचनेत आहे, या पर्यायात नाही.

कोंडी नेमकी कोठे तयार होते

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी 1971 साली डेडलॉक होण्यासाठी एकाच वेळी लागणाऱ्या चार अटी मांडल्या. साधन एका वेळी एकालाच वापरता येणे, हातातील साधन न सोडता दुसऱ्याची वाट पाहणे, कोणाकडूनही साधन काढून घेता न येणे आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ तयार होणे, अशा त्या अटी आहेत. यांपैकी एक जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही. एनएफएसच्या जाळ्यात पहिल्या तीन अटींवर आपला फारसा ताबा नसतो. चौथी, म्हणजे वर्तुळाची अट, मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. या लेखातील जवळजवळ प्रत्येक सूचना त्या एका वर्तुळाला तोडण्यासाठी आहे.

वर्तुळ पहिल्यांदा जाणवते ते यंत्र सुरू होताना. जुन्या युनिक्स यंत्रांवर सुरुवातीच्या स्क्रिप्ट ओळीने चालत. आधी माउंट आणि मग एक्स्पोर्ट असा क्रम असेल, तर मासुंदा उपवनच्या उत्तरासाठी थांबे आणि उपवन मासुंदाच्या, आणि दोघांपैकी एकाचीही एक्स्पोर्ट करण्याची पाळी येत नसे. आजच्या सिस्टमडी (सेवा क्रमाने सुरू करणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्समध्ये एनएफएस सर्व्हर एफएसटॅब या कायमच्या माउंटांची यादी असलेल्या फाईलमधील एनएफएस माउंटांच्या आधी सुरू होईल अशी तजवीज असते आणि माउंट न झाल्यास सिस्टमडी सहसा 90 सेकंदांनी प्रयत्न सोडते. त्यामुळे बूटच्या वेळची कोंडी आता बरीच सैल झाली आहे. तरीही एक्स्पोर्ट केलेले फोल्डर स्वतःच दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या माउंटच्या आत असेल, किंवा एखादी महत्त्वाची सेवा सर्व दूरचे माउंट पूर्ण होण्यासाठी थांबत असेल, तर वर्तुळ जसेच्या तसे राहते. शिवाय 90 सेकंदांनी माउंट सोडून यंत्र पुढे गेले म्हणजे काम झाले असे नाही. फाँटचे फोल्डर रिकामे असलेला सर्व्हर सुरू होतो आणि छपाईची फाईल चुकीच्या फाँटने तयार होते.

दुसरे ठिकाण म्हणजे यंत्र बंद होताना. मासुंदा आधीच बंद झाला आहे आणि आता उपवनला बंद व्हायचे आहे. त्याने मासुंदाकडे पाठवायची राहिलेली माहिती आधी लिहून मग अनमाउंट करायला हवे, पण लिहून घेणारा कोणी नाही. पडद्यावर अनमाउंटची ओळ तशीच थांबून राहते, यूपीएसची बॅटरी संपत जाते आणि शेवटी वीज तुटूनच यंत्र बंद होते.

तिसरे ठिकाण सर्वांत कमी माहीत असलेले आणि सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. लिनक्स कोणतीही फाईल लिहिताना माहिती प्रथम मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर पाठवते. अशी न पाठवलेली माहिती उपलब्ध मेमरीच्या 10 टक्क्यांवर गेली की मागील बाजूस लिहिणे सुरू होते आणि 20 टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवले जाते. हे नेहमीचे मूळ आकडे आहेत आणि ते बदलता येतात. आता दोन्ही सर्व्हर एकमेकांवर एकाच वेळी मोठ्या फाईली लिहीत आहेत असे समजा. मासुंदाच्या मेमरीत उपवनकडे जाण्यासाठी थांबलेली माहिती भरलेली आहे आणि उपवनच्या मेमरीत मासुंदाकडे जाण्यासाठी थांबलेली. मासुंदाला मेमरी मोकळी करायची असेल तर उपवनने माहिती स्वीकारली पाहिजे. ती स्वीकारण्यासाठी उपवनच्या एनएफएस सेवेला मेमरी लागते. आणि ती मेमरी मोकळी होण्यासाठी मासुंदाने उपवनची माहिती स्वीकारली पाहिजे. येथे ना तार तुटलेली असते, ना डिस्क बिघडलेली असते. पिंग केल्यास दोन्ही यंत्रे उत्तर देतात, आणि तरीही काम पुढे सरकत नाही. एनएफएस सेवेच्या थ्रेडना (विनंत्या हाताळणाऱ्या समांतर धाग्यांना) या रोखण्यातून काही सवलत देण्याची सोय कर्नलमध्ये आहे आणि तिने धोका कमी होतो. परंतु दोन वेगळ्या यंत्रांमधील वर्तुळ कोणत्याही एका कर्नलला दिसत नाही, त्यामुळे तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. आपल्याच यंत्राचे एक्स्पोर्ट त्याच यंत्रावर एनएफएसने माउंट करणे हा याच प्रकाराचा छोटा नमुना आहे आणि तोही टाळावा.

पहिली पायरी: नकाशा काढावा

कोणताही बदल करण्याआधी एक कोरा कागद घेऊन प्रत्येक यंत्रासाठी एक चौकोन काढावा. मग प्रत्येक यंत्रावर फाइंडमाउंट कमांड चालवून एनएफएस आणि एनएफएस4 या प्रकारचे माउंट पाहावेत आणि जो माउंट करतो त्याच्याकडून ज्याचे फोल्डर आहे त्याच्याकडे बाण काढावा. बाणाचा अर्थ ‘याला त्याची गरज आहे’ असा धरावा. केवळ चालू माउंट पाहून थांबू नये. एफएसटॅब फाईल आणि ऑटोएफएस या गरजेपुरते माउंट करणाऱ्या सेवेचे नकाशेही (तिच्या याद्या) वाचावेत, कारण एखादा माउंट त्या घटकेला सक्रिय नसेल. सर्व्हरच्या बाजूने एक्स्पोर्टएफएस कमांडला व्ही पर्याय देऊन काय काय एक्स्पोर्ट होते ते पाहावे. शोमाउंट ही कमांडही उपयोगी आहे, परंतु केवळ चौथी आवृत्ती देणाऱ्या सर्व्हरवर ती निरुपयोगी ठरू शकते. तेथे 2049 या पोर्टवर कोण जोडलेले आहे हे एसएस कमांडने पाहणे अधिक खात्रीचे असते.

आता नकाशावर दुसऱ्या रंगाने आणखी काही बाण काढावेत. हे बाण माउंटचे नाहीत, पण अवलंबित्वाचे आहेत. सर्व्हरच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते सांगणारा डीएनएस कोणता? लॉगिनसाठी एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी) कोठे चालते? वापरकर्त्यांचे होम फोल्डर कोणत्या यंत्रावर आहे? डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याची सेवा, कोण देते? व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रे) असतील, तर त्यांच्या डिस्कच्या फाईली कोणत्या एनएफएसवर आहेत? पहिल्या रंगात वर्तुळ नसलेले नकाशे दुसरा रंग आल्यावर वर्तुळाकार निघतात, असे अनेकदा आढळते. डीएनएस चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाईल सर्व्हरवर आहे आणि फाईल सर्व्हर आपल्या क्लायंटना नावाने ओळखण्यासाठी त्याच डीएनएसला विचारतो, हे त्याचे नेहमी भेटणारे उदाहरण आहे. यावर उपाय सोपा आहे: सर्व सर्व्हरची नावे आणि आयपी पत्ते प्रत्येक सर्व्हरच्या स्थानिक होस्ट्स फाईलमध्ये लिहून ठेवावेत आणि एक्स्पोर्टच्या यादीत नावांऐवजी आयपी पत्ते किंवा सबनेट द्यावे.

नकाशा पूर्ण झाल्यावर कोणत्याही चौकोनापासून बाणांच्या दिशेने बोट फिरवत जावे. बोट पुन्हा त्याच चौकोनात आले, तर वर्तुळ सापडले. तीन यंत्रांचे वर्तुळ दोघांच्या वर्तुळाइतकेच धोकादायक असते आणि नजरेतून सुटण्याची शक्यता मात्र जास्त असते, म्हणून प्रत्येक चौकोनापासून एकदा तरी बोट फिरवावे.

दुसरी पायरी: यंत्रांना श्रेणी द्यावी

प्रत्येक यंत्राला एक आकडा द्यावा. जे यंत्र कोणाचेही काही माउंट करत नाही त्याला 0 द्यावा, जे केवळ शून्य श्रेणीच्या यंत्राचे माउंट करते त्याला 1, आणि याप्रमाणे पुढे. नियम एकच ठेवावा: कोणत्याही यंत्राने आपल्यापेक्षा कमी श्रेणीच्या यंत्राचेच फोल्डर माउंट करावे, समान किंवा अधिक श्रेणीच्या यंत्राचे कधीही करू नये. हा नियम पाळला गेला तर वर्तुळ तयार होणे शक्यच नसते. लहान कार्यालयात दोनच श्रेणी पुरतात: फाईल सर्व्हर शून्यावर आणि बाकी सर्व एकवर.

आपल्या उदाहरणात मासुंदा आणि उपवन दोघेही एकमेकांना वापरतात, त्यामुळे एकालाही शून्य देता येत नाही. येथे निर्णय घ्यावा लागतो. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे दोघांवरचा सामायिक साठा एकाच सर्व्हरवर आणणे. डिस्क अपुरी पडते म्हणून दुसरा सर्व्हर आणला असेल, तर त्या सर्व्हरच्या डिस्क पहिल्याला जोडता येतात का हे आधी पाहावे. तसे शक्य नसेल, तर दोघांनाही शून्य श्रेणीवर ठेवावे, म्हणजे दोघेही केवळ एक्स्पोर्ट करतील, आणि दोन्हींकडच्या फाईली लागणारे काम तिसऱ्या यंत्रावर किंवा ऑपरेटरांच्या यंत्रांवर चालेल. सर्व्हरवर छपाईपूर्व प्रोग्राम चालवण्याची सवय येथे मोडावी लागते, आणि ती मोडणे हिताचेच आहे.

एखादी फाईल उलट दिशेने जाणे खरोखर आवश्यक असेल, तर ती माउंट करून नव्हे, नकलून न्यावी. उपवनवरील फाँट मासुंदाला हवे असतील, तर रात्री आरसिंक ही फाईली नकलणारी कमांड वापरून त्यांची प्रत मासुंदाच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यावी. नक्कल करताना दुसरे यंत्र बंद असेल, तर आरसिंक चूक नोंदवून बाहेर पडते, उद्या पुन्हा प्रयत्न होतो आणि मासुंदाचे कोणतेही काम अडत नाही. आरसिंकला टाइमआउटचा पर्याय देण्यास विसरू नये, कारण तो न दिल्यास मूळ मूल्य शून्य, म्हणजे मर्यादा नाही, असे असते. फाँट रोज बदलत नाहीत, त्यामुळे एका दिवसाची जुनी प्रत चालते. जेथे ती चालत नाही, तेथेच सामायिक साठा एकत्र आणण्याचा खर्च करावा.

माउंट केलेले फोल्डर पुन्हा पुढे एक्स्पोर्ट करण्याचा प्रकारही नवख्यांनी टाळावा. मध्ये असलेल्या यंत्राच्या एनएफएस सेवेत थ्रेडची संख्या मर्यादित असते. लिनक्सच्या अनेक वितरणांत (तयार संचांत) ती पूर्वापार 8 ठेवलेली आढळते. पलीकडचे यंत्र गप्प झाले, की हे सर्व थ्रेड त्याची वाट पाहण्यात गुंततात आणि मधल्या यंत्राच्या स्वतःच्या, पूर्णपणे निरोगी डिस्कवरील फाईलीही कोणाला मिळेनाशा होतात.

तिसरी पायरी: माउंट करण्याची पद्धत सुधारावी

श्रेणी ठरल्यावर जे माउंट उरतात ते एफएसटॅबमध्ये कायमचे ठेवण्याऐवजी गरजेपुरते व्हावेत असे करावे. एफएसटॅबच्या ओळीत ‘नेटडेव्ह’ हा पर्याय द्यावा, म्हणजे नेटवर्क येण्याआधी माउंटचा प्रयत्न होणार नाही. ‘नोफेल’ द्यावा, म्हणजे माउंट न झाल्याने बूट अडणार नाही. आणि ‘एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट’ द्यावा, म्हणजे कोणी त्या डिरेक्टरीत पाऊल टाकेल तेव्हाच माउंट होईल. त्याच्या जोडीला निष्क्रियतेची मुदत आणि माउंटच्या प्रयत्नाची मुदत देता येते. मी सुरुवातीला अनुक्रमे 5 मिनिटे आणि 30 सेकंद सुचवीन. ऑटोएफएस वापरूनही हाच परिणाम साधतो आणि यंत्रे अनेक असतील तर त्याचे नकाशे सांभाळणे सोपे जाते. लक्षात ठेवावे की, माउंट झालेले नसताना सर्व्हर बंद असेल तर प्रोग्रामला मुदतीनंतर चूक मिळते, पण माउंट झाल्यानंतर सर्व्हर गेला तर हार्ड माउंटवर प्रोग्राम अडकतोच. ऑटोमाउंटने धोक्याचा काळ आखडतो, धोका जात नाही.

माउंट करण्याच्या जागेचाही विचार करावा. मुळातील रूट डिरेक्टरीत थेट माउंट करू नये. त्याऐवजी एमएनटी या डिरेक्टरीच्या आत प्रत्येक सर्व्हरच्या नावाची डिरेक्टरी करून तिच्या आत माउंट करावे. याचे कारण असे की, फाईलींची यादी दाखवणारी एलएससारखी साधी कमांडही यादीतील प्रत्येक नावाची माहिती विचारते, आणि त्यांतील एक नाव बंद सर्व्हरचे असेल तर ज्याचा त्या सर्व्हरशी काहीही संबंध नाही असा माणूसही अडकतो. रूट डिरेक्टरीची यादी दिवसातून असंख्य वेळा असंख्य प्रोग्राम पाहतात. एमएनटीच्या आतील खोल जागा फारसे कोणी पाहत नाही.

रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे होम फोल्डर, त्याच्या पाथमधील (कमांड शोधल्या जातात त्या यादीतील) प्रत्येक डिरेक्टरी आणि दुरुस्तीसाठी लागणारी प्रत्येक कमांड स्थानिक डिस्कवरच असली पाहिजे. शक्य असल्यास एक साधा स्थानिक ॲडमिन वापरकर्ताही ठेवावा, ज्याचे होम नेटवर्कवर नाही आणि ज्याचे लॉगिन एलडॅपवर अवलंबून नाही. कोंडी सोडवण्यासाठी आत जाणाऱ्या माणसालाच दार उघडता येऊ नये, ही अवस्था टाळण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

फाईल लॉकमधील वर्तुळ

माउंटांचे वर्तुळ मोडले तरी प्रोग्रामांचे वर्तुळ राहू शकते. एका यंत्रावरील प्रोग्राम मासुंदावरील कामाची नोंदवही लॉक करतो, म्हणजे काही काळ फक्त स्वतःसाठी राखतो, आणि मग उपवनवरील फाँटची यादी लॉक करू पाहतो. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावरील प्रोग्राम आधी फाँटची यादी आणि मग नोंदवही लॉक करू पाहतो. एकाच यंत्रातील असे वर्तुळ कर्नल ओळखू शकते आणि एका प्रोग्रामला चूक कळवते. येथे मात्र एक लॉक एका सर्व्हरकडे आणि दुसरे दुसऱ्याकडे असल्यामुळे पूर्ण चित्र कोणाकडेच नसते. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टांसाठी दोन नियम करावेत: एकाहून अधिक फाईली लॉक करायच्या असतील तर त्या नेहमी ठरलेल्या क्रमाने, उदाहरणार्थ सर्व्हरच्या नावाच्या आणि मग फाईलच्या नावाच्या वर्णक्रमाने, लॉक कराव्यात, आणि अनिश्चित काळ वाट पाहणाऱ्या लॉकऐवजी मुदत असलेला लॉक मागावा. एसक्यूलाइटसारखा डेटाबेस एनएफएसवर ठेवून अनेक यंत्रांवरून लिहू नये. तो डेटाबेस बनवणारेही हाच सल्ला देतात.

सर्व्हर नुकताच सुरू झाल्यावर नवे लॉक काही काळ मिळत नाहीत, यालाही कोणी डेडलॉक समजू नये. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत लिनक्स सर्व्हर जुन्या क्लायंटना आपले लॉक परत मागता यावेत म्हणून साधारण 90 सेकंदांची सवलत ठेवतो. दीड मिनिट थांबल्यावर सुटणारी गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नये.

चौथी पायरी: वीज गेल्याची रंगीत तालीम

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर महावितरण झाडांच्या फांद्या तोडण्यासाठी आणि वाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी पूर्वसूचना देऊन वीजपुरवठा बंद ठेवते. हा दिवस सिस्टम ॲडमिनने वाया घालवू नये. सर्व यंत्रे एकाच यूपीएसवर असतील तर ती एकाच वेळी बंद पडतात, आणि वर्तुळ असलेल्या रचनेला याहून प्रतिकूल प्रसंग नाही. त्या दिवशी यंत्रे स्वतःहून, ठरलेल्या क्रमाने बंद करून पाहावीत: आधी सर्वांत वरच्या श्रेणीची, शेवटी शून्य श्रेणीची. सुरू करण्याचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

हा क्रम माणसाच्या हजेरीवर सोडू नये, कारण वीज रात्री दोनलाही जाते. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) वीज परत आल्यावर काय करायचे याचे एक सेटिंग असते. शून्य श्रेणीच्या सर्व्हरवर ते ‘आपोआप सुरू’ असे ठेवावे आणि बाकीच्यांवर ‘बंदच राहा’ असे. मग शून्य श्रेणीच्या सर्व्हरने आपली एक्स्पोर्ट सेवा सुरू झाल्याची खात्री करून वेक-ऑन-लॅनचा संदेश पाठवत इतरांना जागे करावे. यूपीएसकडून बॅटरी उतरल्याची सूचना घेऊन यंत्रे बंद करण्यासाठी नट नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. त्यातही आधी क्लायंट आणि मग सर्व्हर हा क्रम बसवावा. तालमीच्या वेळी घड्याळ लावून प्रत्येक यंत्राला बंद होण्यास आणि सुरू होण्यास किती वेळ लागतो ते नकाशाच्या कागदावर लिहावे. बंद होण्याच्या वेळांची बेरीज यूपीएसच्या बॅटरीच्या वेळेपेक्षा जास्त येत असेल, तर क्रम बरोबर असूनही उपयोग नाही.

तालमीचा दुसरा भाग वीज असतानाच, कामाच्या वेळेनंतर करावा. सर्व यंत्रे चालू असताना एकाच सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी आणि दहा मिनिटे थांबावे. इतर यंत्रांवर कोणती कामे थांबतात, लॉगिन होते का, दुसऱ्या सर्व्हरवरील फाईली उघडतात का, हे पाहावे. मग केबल परत लावून सर्व काही आपोआप पूर्ववत होते का ते तपासावे. जे थांबायला नको होते ते थांबले असेल, तर नकाशावर नसलेला एक बाण सापडला असे समजून तो काढावा.

अडकलेच तर

प्रथम डिस्कवरील जागा दाखवणारी डीएफ कमांड नुसती चालवण्याचा मोह आवरावा. ती बंद सर्व्हरला जाऊन विचारते आणि तुमचे टर्मिनलही अडकवते. एल हा पर्याय दिल्यास ती केवळ स्थानिक डिस्क पाहते. कोणते माउंट आहेत हे प्रॉक डिरेक्टरीतील माउंट्स ही फाईल वाचून कळते, कारण ती वाचताना कोणत्याही सर्व्हरला विचारले जात नाही. त्यानंतर पीएस कमांडने प्रोग्रामांची स्थिती पाहावी. स्थितीच्या रकान्यात ‘डी’ असे अक्षर असलेले प्रोग्राम वाट पाहत अडकलेले आहेत. प्रोग्राम कर्नलमध्ये कोठे थांबला आहे हे सांगणारा डब्ल्यूचॅनचा रकाना मागवल्यास त्यांच्यापुढे ‘आरपीसी वेट बिट किलेबल’ असे दिसते, आणि हे दिसले की कारण एनएफएसच आहे याविषयी शंका राहत नाही. लिनक्समध्ये असे अडकलेले प्रोग्रामही लोड ॲव्हरेजमध्ये (यंत्रावरील कामाच्या सरासरी भारात) मोजले जातात. त्यामुळे लोड 40 वर आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा, असे विचित्र दृश्य दिसते. ते पाहून सीपीयू बदलण्याचा विचार करू नये.

दोन्ही सर्व्हर अडकलेले असतील, तर एकदम दोघांना रीस्टार्ट करू नये. कोणता शून्य श्रेणीचा मानायचा हे ठरवावे, त्यावरील दुसऱ्याचे माउंट एफएसटॅबमधून तात्पुरते काढावे आणि त्यालाच आधी उभे करावे. तो उत्तर देऊ लागला की हार्ड माउंट असलेले क्लायंट स्वतःहून पुढे चालू लागतात आणि लिहायची राहिलेली माहितीही पोहोचते. हार्ड पर्यायाचा हा मोठा लाभ आहे. सर्व्हर लवकर परत येणारच नसेल, तेव्हाच अडकलेले प्रोग्राम किल कमांडने 9 क्रमांकाचा सिग्नल देऊन बंद करावेत, मग अनमाउंटला एफ पर्याय द्यावा आणि त्यानेही भागले नाही तर एल. एफने थांबलेल्या विनंत्या रद्द होतात, म्हणजे न पोहोचलेली माहिती जाते. एलने माउंट केवळ नजरेआड होतो, अडकलेले प्रोग्राम तसेच राहतात. जुन्या लेखांत अडकलेला प्रोग्राम मध्येच थांबवता यावा म्हणून ‘इंटर’ हा माउंटचा पर्याय सुचवलेला आढळेल, पण कर्नलच्या 2.6.25 आवृत्तीपासून त्याकडे दुर्लक्ष केले जाते, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

सर्व सुरळीत झाल्यावर एक तपासणी राहते. माउंट नसलेल्या काळात एखाद्या प्रोग्रामने त्या रिकाम्या डिरेक्टरीतच फाईली लिहिलेल्या असू शकतात. माउंट पुन्हा झाल्यावर त्या फाईली त्याच्याखाली झाकल्या जातात, कोणाला दिसत नाहीत आणि स्थानिक डिस्क मात्र भरत राहते. म्हणून माउंट काढून त्या डिरेक्टरीत काही उरले आहे का ते पाहावे, सापडलेल्या फाईली योग्य सर्व्हरवर हलवाव्यात आणि डिरेक्टरी रिकामी झाल्यावर सीएचॲटर कमांडने तिला आय हा गुणधर्म लावावा, म्हणजे माउंट नसताना तेथे रूटलाही लिहिता येणार नाही आणि प्रोग्राम लगेच चूक दाखवील.